पहिलं वर्ष कमी वेगाचं: नव्या ट्रकचालकाने अनुभव कसा कमवावा

नवीन चालक कामाला घेताना मी एक प्रश्न हमखास विचारतो: गाडी मागे घेताना शेवटचं खाली उतरून कधी बघितलंस? बरेच जण गोंधळतात. काही जण छाती फुगवून सांगतात, “मला उतरायची गरजच पडत नाही, सगळं आरशात दिसतं.” त्यांना मी चहापाणी विचारून परत पाठवतो. “कालच, दोनदा उतरलो” असं सांगणाऱ्याशी मात्र पुढचं बोलणं सुरू होतं, मग त्याचं लायसन्स महिन्याभरापूर्वीचं का असेना.

कारण इतक्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालं आहे. ट्रक चालवण्यातलं पहिल्या वर्षाचं बहुतेक शिक्षण गाडी उभी असताना होतं, नाहीतर ताशी दहा किलोमीटरच्या आत. सरळ, मोकळ्या महामार्गावर चारशे किलोमीटर मारले की पाठ दुखते आणि आत्मविश्वास वाढतो, पण शिकायला फार थोडं मिळतं. याउलट एका दिवसात आठ ठिकाणी माल उतरवणारा चालक आठ अनोळखी फाटकांतून आत जातो, आठदा गाडी मागे घेतो, आठदा फाळका उघडतो आणि माल कुठे सरकलाय ते बघतो. तेव्हा तरुण चालकाला माझा सल्ला त्याला आवडणार नाही असा आहे: पहिल्या वर्षी लांबचा पल्ला मागू नका. छोटी गाडी, जवळच्या फेऱ्या आणि जास्त थांबे असलेलं काम मागा. ते मिळवायचं कसं आणि मिळाल्यावर त्यातून अनुभव वेचायचा कसा, ते क्रमाने सांगतो.

लायसन्सच्या आधी

वयाची अट देशागणिक वेगळी आहे. भारतात व्यावसायिक वाहतुकीच्या गाडीसाठी वय किमान २० लागतं, आणि तिचं शिकाऊ लायसन्स काढण्याआधी हलक्या मोटार वाहनाचं लायसन्स वर्षभर हातात असावं लागतं. अमेरिकेत १८ व्या वर्षी राज्याच्या हद्दीत मोठा ट्रक चालवता येतो, पण सर्वसाधारणपणे राज्याची सीमा ओलांडायला २१ लागतात. शिवाय ७ फेब्रुवारी २०२२ पासून तिथे नव्या चालकाला नोंदणीकृत संस्थेतून प्रशिक्षण घेतल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. युरोपीय संघात मोठ्या ट्रकसाठी सर्वसाधारण वय २१, पण व्यावसायिक चालकाची पात्रता परीक्षा दिलेल्याला ते १८ पर्यंत खाली येतं.

वय पुरं होईपर्यंत हातावर हात धरून बसू नका. डेपोत किंवा यार्डात माल चढवण्या-उतरवण्याचं काम धरा, क्लीनर म्हणून जा, गॅरेजमध्ये टायर आणि ब्रेकच्या कामाला हाताखाली लागा. गॅरेजमधले सहा महिने मला वर्गातल्या कुठल्याही शिक्षणापेक्षा जास्त मोलाचे वाटतात. ज्याने ब्रेकचा ड्रम उघडून आत जळून काचेसारखे गुळगुळीत झालेले लायनर, म्हणजे ड्रमवर घासून गाडी थांबवणारे पट्टे, बघितले आहेत, त्याला उतारावर ब्रेक दाबून धरू नकोस हे दोनदा सांगावं लागत नाही.

पहिलं काम कसं मागायचं

मालक नव्या पोराला गाडी देत नाही त्याचं कारण दरवेळी अविश्वास नसतो. बऱ्याचदा विमा आडवा येतो. अनेक विमा कंपन्या कमी वयाच्या किंवा अनुभव नसलेल्या चालकासाठी हप्ता वाढवतात किंवा काही अटी घालतात. त्यामुळे ‘अनुभव नाही’ म्हणून नकार आला तर तिथेच विचारा: कुठल्या गाडीपासून सुरुवात करता येईल? विम्यात चालक म्हणून नाव घालायला काय लागतं? यार्डाच्या आत गाड्या हलवायचं काम आहे का?

हे शेवटचं काम पोरांना कमीपणाचं वाटतं. ट्रेलर धक्क्याला लावा, रिकामा झाला की बाजूला काढा, दुसरा लावा. रस्त्यावर जायचंच नाही. पण असं काम करणारा महिनाभरात जितक्या वेळा मागे घेतो, तितक्या वेळा लांब पल्ल्याचा चालक अख्ख्या वर्षात घेत नसेल.

जाताना कागद नीट न्या: लायसन्स, वैद्यकीय तपासणी, प्रशिक्षणाचा दाखला, आणि आधी जिथे काम केलं तिथल्या माणसाचं दोन ओळींचं पत्र. क्लीनर म्हणून काम केलं असेल तर तेही लिहा, लपवू नका. मुलाखतीत गाडी दाखवली तर थेट केबिनमध्ये चढू नका. आधी गाडीभोवती एक चक्कर मारा. ती चक्कर सगळं सांगून जाते.

उस्तादाच्या शेजारची सीट

पहिले काही आठवडे जुन्या चालकाबरोबर मिळाले तर ती संधी झोपून घालवू नका. रस्ता सगळेच बघतात, तुम्ही चालकाचे डोळे बघा. तो आरशात कधी बघतो, वळणाच्या किती आधी गिअर टाकतो, पुढच्या गाडीचे ब्रेकलाइट लागायच्या आत पाय कसा उचलतो. चांगल्या चालकाच्या शेजारी बसलं की ब्रेक लागल्याचं कळतच नाही, कारण त्याने पाऊण किलोमीटर आधीच सिग्नल बघितलेला असतो.

प्रश्न गाडी उभी असताना विचारा. ‘तुम्ही इथे का थांबलात?’ हा प्रश्न ‘ट्रक कसा चालवायचा?’ यापेक्षा शंभर पटीने चांगला, कारण त्याला उत्तर देता येतं.

एक सावधगिरी. जुन्या माणसाकडून हुशारी मिळते तशा खोडीही मिळतात. उतारावर गाडी न्यूट्रल करून डिझेल वाचवणं ही त्यातली सगळ्यात घातक. आजकालच्या डिझेल इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजेक्शन बंद होतं, म्हणजे इंजिन डिझेल घेतच नाही. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल जळत राहतं. म्हणजे बचत शून्य, आणि इंजिनाचा जो रोध गाडीला धरून ठेवत होता तोही गेला. उस्तादांशी वाद घालत बसू नका, पण ही खोड अंगाला लावूनही घेऊ नका.

रोजची चक्कर

गाडी सुरू करण्याआधीची तपासणी रोज एकाच क्रमाने करा. डाव्या पुढच्या कोपऱ्यापासून निघा आणि फिरून तिथेच या. क्रम ठरलेला असला की एखादी गोष्ट राहिली तर पायांनाच कळतं. खाली जमिनीवर बघा: ताजं तेल, पाणी, डिझेल सांडलंय का. चाकाच्या नटांखालून गंजाचे ओघळ आले असतील तर नट ढिले असल्याची शंका घ्या. जोडटायरांच्या मधे दगड अडकलाय का ते वाकून बघा. तो सुटला की मागून येणाऱ्याच्या काचेवर जातो. टायरला पान्याने ठोकून हवा ओळखण्यात पटाईत असल्याचं सगळेच सांगतात, पण ठोकून फक्त बसलेला टायर सापडतो, थोडी हवा कमी झालेला नाही. टायर थंड असताना गेज लावा. चाक बदललं असेल तर ५० ते १०० किलोमीटर झाल्यावर थांबून नट पुन्हा आवळून बघा.

एअर ब्रेकच्या गाडीत थोडं जास्त काम आहे, आणि ते कशासाठी हे समजलं तर कंटाळा येत नाही. चालताना पायाचा ब्रेक हवेच्या दाबाने लागतो. पार्किंग ब्रेक उलटा चालतो: तो जाड स्प्रिंगने लागतो आणि हवा त्याला मागे ढकलून मोकळा ठेवते. म्हणजे हवा गळत गेली की एका टप्प्याला स्प्रिंग जिंकते आणि गाडी जागच्या जागी जखडते, तुम्हाला हवं असो वा नसो. जॉर्ज वेस्टिंगहाऊस यांनी १८६९ मध्ये रेल्वेसाठी हवेच्या ब्रेकचं पेटंट घेतलं आणि पुढच्या काही वर्षांत ‘हवा गेली की ब्रेक लागावा’ ही युक्ती त्यात आणली. ट्रकच्या पार्किंग ब्रेकमागे तोच विचार आहे.

तपासणीचे आकडे गाडीच्या पुस्तिकेतून घ्या. अंदाज यावा म्हणून अमेरिकेतल्या चालक-पुस्तिकेतले सांगतो. हवेच्या टाक्या पूर्ण भरल्या, इंजिन बंद केलं, पार्किंग ब्रेक सोडला आणि पायाचा ब्रेक दाबून धरला, तर एका मिनिटात दाब एकेरी गाडीत ३ पीएसआयपेक्षा (पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजायचं एकक) आणि ट्रेलर जोडलेला असताना ४ पीएसआयपेक्षा जास्त उतरता कामा नये. मग ब्रेक पुन्हा पुन्हा दाबून हवा कमी करत जा. साधारण ६० पीएसआयच्या खाली जाण्याआधी इशाऱ्याचा दिवा किंवा बझर आलाच पाहिजे. आणखी खाली, २० ते ४५ च्या दरम्यान, स्प्रिंग ब्रेक आपोआप लागतो. अर्थात हे सगळं सपाट जागी, चाकांना अडण लावून करायचं. पहिल्यांदा केलंत तर दहा मिनिटं लागतील, महिन्याभरात तीन.

मागे घेणं

यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण नव्या चालकाचे बहुतेक पत्रे इथेच चेपतात.

माझी स्वतःची गोष्ट. चालवायला लागून चार महिने झाले होते. एका गोदामात गाडी मागे घेत होतो. मागे एक माणूस उभा राहून “येऊ दे, येऊ दे” ओरडत होता. दोन्ही आरसे स्वच्छ, मागे दोन हात जागा. मग वरून कडकड आवाज झाला. छपराची पन्हाळ माझ्या हौद्याच्या वरच्या कोपऱ्यात अडकून खाली आली होती. त्या माणसाचं लक्ष जमिनीवर होतं, माझं आरशात, आणि वर बघायचं आमच्या दोघांपैकी कुणालाच सुचलं नाही. चूक त्याची नव्हती. स्टिअरिंग ज्याच्या हातात, चूक त्याची. त्या दिवसापासून मी आधी वर बघतो.

क्रम असा ठेवा. जागेपाशी आलात की मागे घ्यायच्या आधी उतरून चालत जा. वर बघा: तारा, छप्पर, झाडाची फांदी. खाली बघा: खड्डा, लोखंडी खुंटी, उतार. बाजूंना बघा: कुठला दरवाजा उघडू शकतो, कुठून माणूस येऊ शकतो. शक्य तिथे गाडी अशा बाजूने आणा की मागे घेताना वळण तुमच्या खिडकीच्या बाजूला पडेल, म्हणजे मान बाहेर काढून मागचं चाक स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. उलट्या बाजूने घ्यावं लागलं तर अख्खी बाजू आंधळी होते. त्यापेक्षा एक वळसा घालून पुन्हा यायला काही मिनिटं गेली तर जाऊ द्या.

मार्ग दाखवणाऱ्याशी आधी खुणा ठरवा. मुख्य म्हणजे ‘थांब’ची खूण एकच आणि ठळक असावी. तो आरशात दिसेनासा झाला की त्या क्षणी गाडी थांबवायची. तो गाडीच्या मागे गेला आहे की मोबाइलवर बोलायला बाजूला झाला आहे, हे तुम्हाला ठाऊक नाही.

वाकडं जायला लागलं तर पुढे या आणि सरळ करा. पुढे येण्यात कमीपणा नाही. मागे वाकड्याचं सरळ करायला जाणारा आणखी वाकडा होतो. ट्रेलर असेल तर सुरुवातीला एक युक्ती उपयोगी पडते: स्टिअरिंगच्या तळाशी हात धरा. ट्रेलरचं शेपूट ज्या बाजूला न्यायचंय त्या बाजूला हात हलवा. डोक्याला उलटसुलट हिशेब करावा लागत नाही. आणि हळू. इतकं हळू की शेजारून चालणारा माणूस पुढे निघून जावा.

रिकाम्या मैदानात चार ड्रम किंवा शंकू मांडून सराव करायला मिळाला तर आठवड्यातून एक तास तरी करा. सरळ मागे पन्नास मीटर जाणं कंटाळवाणं वाटतं, पण सरळ जमल्याशिवाय वळण जमत नाही.

गाडीचा आकार अंगात भिनवणं

वळताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, ती आतून कापतात. गाडी जितकी लांब तितकी जास्त. धुळीच्या किंवा ओल्या मैदानात एक मोठं वळण घ्या, उतरा आणि चाकांच्या खुणा बघा. पुढच्या आणि मागच्या खुणांमधलं अंतर एकदा पावलांनी मोजलं की कोपऱ्यावरचा दिव्याचा खांब दिसताच पाय आपोआप थबकतो.

आंधळी जागा कुठे कुठे आहे हे शिकायला मित्राची मदत घ्या. तुम्ही केबिनमध्ये बसा आणि त्याला गाडीभोवती फिरू द्या. तो कुठे नाहीसा होतो ते खडूने जमिनीवर आखा. नाकासमोर, चालकाच्या विरुद्ध बाजूच्या दाराशी आणि मागे इतकी मोठी जागा निघते की पहिल्यांदा बघणारा गप्प होतो. हा प्रश्न इतका गंभीर आहे की लंडनमध्ये १२ टनांहून जड ट्रकला चालकाच्या सीटवरून किती थेट दिसतं त्यावर तारे देतात आणि त्यावरून शहरात शिरण्याची परवानगी ठरते. त्याची अंमलबजावणी मार्च २०२१ पासून सुरू आहे.

उंचीचा आकडा केबिनमध्ये डोळ्यांसमोर चिकटवून ठेवा. आणि लक्षात घ्या, रिकामी गाडी भरलेल्या गाडीपेक्षा उंच उभी राहते, कारण स्प्रिंगच्या पाट्यांवरचं ओझं गेलेलं असतं. जाताना पुलाखालून निघालेली गाडी माल उतरवून येताना तिथेच अडकल्याचे किस्से खोटे नसतात.

ब्रेक आणि उतार

वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचं अंतर चौपट होतं. हे शाळेत शिकवतात, पण ट्रकमध्ये त्यात आणखी भर पडते. हवेला नळीतून चाकापर्यंत पोचायला साधारण अर्धा सेकंद लागतो. ताशी ८० ला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, म्हणजे तुम्ही पाय दाबल्यावर ब्रेक धरायच्या आतच ११ मीटर संपले. अमेरिकी पुस्तिकेतला हिशेब सांगतो की ताशी ८८ किलोमीटरच्या वेगात, चांगल्या कोरड्या रस्त्यावर, धोका दिसल्यापासून थांबेपर्यंत मिळून सुमारे १४० मीटर लागतात.

अंतर मोजायला मीटर नको, सेकंद वापरा. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की मोजायला लागा. गाडीच्या दर तीन मीटर लांबीला एक सेकंद, आणि वेग ६५ च्या वर असेल तर आणखी एक. बारा मीटरच्या गाडीला पाच सेकंद झाले. पाऊस असेल तर वाढवा. मधल्या जागेत कोणी ना कोणी शिरणारच. शिरू द्या, पाय उचला, पुन्हा मोजा. रिकामी गाडी झटकन थांबते हाही गैरसमज आहे. ब्रेक भरलेल्या वजनाच्या हिशेबाने बनवलेले असतात. रिकाम्या गाडीची चाकं जखडतात, घसरतात, आणि गाडी उड्या मारत पुढे जाते.

उतारासाठी वेगळा धडा. गिअर उताराच्या तोंडाशी, उतरायला लागण्याआधी टाका. मधेच टाकायला गेलात आणि न्यूट्रलमध्ये अडकलात तर परत गिअर पडेलच असं नाही. ‘ज्या गिअरने चढलो त्याच गिअरने उतरायचं’ हा जुना नियम जुन्या गाड्यांसाठी बरा होता. आताच्या इंजिनांत जोर जास्त असल्याने त्या वरच्या गिअरमध्येही चढून जातात, त्यामुळे उतरताना बऱ्याचदा त्याहून खालचा गिअर लागतो.

पाय ब्रेकवर ठेवून उतरू नका. सुरक्षित वेग ठरवा, समजा ४०. काटा ४० ला पोचला की ठाम ब्रेक लावून ३२ वर आणा आणि पूर्ण सोडून द्या. पुन्हा ४० होऊ द्या, पुन्हा तेच. ब्रेक सतत हलका दाबून ठेवला की ड्रम तापतो, तापलेला ड्रम फुगून लायनरपासून दूर जातो, लायनरची पकडही कमी होते. मग तुम्ही जास्त दाबता, जास्त तापतं, आणि एका क्षणी पाय तळाला टेकतो पण गाडी ऐकत नाही. एक्झॉस्ट ब्रेक किंवा रिटार्डर (पायाचा ब्रेक न वापरता गाडीचा वेग रोखणारी सोय) असेल तर त्यावर भर द्या. मात्र ओल्या, निसरड्या रस्त्यावर, विशेषतः गाडी रिकामी असताना, तो बंद ठेवा, कारण तो फक्त इंजिनाने फिरणाऱ्या चाकांना रोखतो आणि ती घसरू शकतात. ब्रेक निकामी झालेल्या गाड्यांसाठी काही उतारांवर वाळूचा किंवा खडीचा बाजूचा रस्ता केलेला असतो. तो कुठे आहे हे उताराच्या वरच विचारून घ्या, गरज पडेल तेव्हा पाटी वाचायला वेळ नसेल.

हौद्यात काय आहे

माल दुसऱ्याने भरला म्हणून तो दुसऱ्याचा होत नाही. फाळका लागला की तो तुमच्या पाठीमागे आहे आणि जोराचा ब्रेक लागला तर तुमच्याच दिशेने येणार आहे. अमेरिकेचा नियम आणि युरोपचा मानक हिशेब इथे जुळतो: मालाच्या वजनाच्या आठ दशांश जोर पुढच्या दिशेला आणि निम्मा बाजूंना व मागे लागला तरी माल हलता कामा नये अशी बांधणी हवी. पाच टनांच्या पेटीला पुढच्या दिशेने चार टनांचा धक्का सोसावा लागेल असा त्याचा अर्थ.

पट्टा जितका उभा तितका माल खाली जास्त दाबला जातो. जमिनीशी तीस अंशांच्या कोनात तिरपा गेलेला पट्टा उभ्या पट्ट्याच्या निम्माच दाब देतो, म्हणून बुटक्या मालावरून टाकलेला पट्टा दिसायला कडक पण कामाला ढिला असतो. जड माल खाली आणि मधे. निघाल्यावर पहिल्या ८० किलोमीटरच्या आत एकदा थांबून पट्टे बघा. सुरुवातीला माल बसतो आणि पट्टे सैल होतात. टँकर चालवायची वेळ आली तर अर्धवट भरलेल्या टाकीला घाबरा. पूर्ण भरलेलं द्रव जागा नसल्याने गप्प राहतं, अर्धं भरलेलं तुम्ही थांबल्यानंतरही पुढे धावतं आणि लाल दिव्याला उभ्या गाडीला ढकलतं.

झोप

हा भाग पोरं चाळून पुढे जातात. आवाजाशिवाय येणारा धोका हाच आहे, म्हणून थोडं थांबा. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची चपळाई रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकी उतरते, आणि २४ तासांनी ती ०.१० टक्क्यांच्या बरोबरीला येते. १९९७ मध्ये छापल्या गेलेल्या ऑस्ट्रेलियातल्या एका प्रयोगात हे मोजलं गेलं. पहाटे दोन ते सहा हा शरीराचा सगळ्यात खालचा काळ. दिवसा कितीही झोपलात तरी तेव्हा डोळे जड होतातच.

नियम बघा: युरोपीय संघात साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती, दिवसाला साधारण ९ तास. अमेरिकेत १० तासांच्या सुट्टीनंतर ११ तास चालवणं, तेही १४ तासांच्या चौकटीत. भारतात २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास, आणि सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती होती. यातला कुठलाही आकडा गाठायचं लक्ष्य नाही. ती वरची हद्द आहे.

मागच्या दोन किलोमीटरमधलं काही आठवत नाही, लेन सुटते, मान डुलते: यातलं एक जरी झालं तर सुरक्षित जागा शोधून थांबा. कॅफीन घ्या आणि लगेच पंधरा-वीस मिनिटं पडा. कॅफीन अंगात उतरायला तेवढाच वेळ लागतो, दोन्ही मिळून काम करतात. गाणी मोठ्याने लावून आणि खिडकी उघडून झोप जात नाही.

वही

अनुभव दाखवायचा तर तो लिहिलेला हवा. खिशात मावेल अशी वही ठेवा आणि रोज चार ओळी लिहा. कुठली गाडी, कुठला माल, किती वजन, किती थांबे. किती वेळा मागे घेतलं आणि त्यातलं किती वेळा पुढे येऊन पुन्हा करावं लागलं. तपासणीत काय सापडलं आणि कोणाला सांगितलं. आणि एक ओळ, जी लिहायला लाज वाटते: आज कुठे थोडक्यात वाचलो? सहा महिन्यांनी ही शेवटची ओळ वाचत गेलात की तुमच्या चुकांना एक सवय आहे हे दिसेल. माझ्या वहीत उजव्या बाजूची वळणं पुन्हा पुन्हा यायची. कारण सापडलं ते साधं होतं, माझा तो आरसा चुकीच्या कोनात होता आणि मी त्याच्याशी जमवून घेतलं होतं.

गाडीतला दोष तोंडी सांगू नका. कागदावर किंवा संदेशात, तारखेसह सांगा, म्हणजे उद्या प्रश्न आला तर तुमच्याजवळ काही असेल.

‘नाही’ म्हणायचा सराव

नव्या माणसाला कोणी काही सांगितलं तर नाकारायची भीती वाटते, आणि हे लोकांना माहीत असतं. म्हणूनच जास्तीचं वजन, फाटका टायर, ‘रातोरात पोचव’ हे सगळं नव्याच्याच वाट्याला येतं. भांडू नका. वाक्य तयार ठेवा: “ब्रेकची हवा मिनिटाला इतकी उतरतेय, हे दुरुस्त झालं की लगेच निघतो.” आकड्यासकट सांगितलं की ते कामचुकारपणा वाटत नाही. तरीही दबाव आला तर गाडीची किल्ली ठेवून उतरा. दंड, खटला आणि आयुष्यभराची आठवण चालकाच्या नावावर राहते. असा मालक सुटला तर दुसरा मिळतो, आणि त्याला सांगायला तुमच्याजवळ वही असते.

दुसऱ्या वर्षाकडे

वर्षभर छोट्या गाडीवर एकही ओरखडा न पाडता काढलं की एका वेळी एकच नवी गोष्ट घ्या. ओळखीच्या रस्त्यावर रात्रीची फेरी. मग ओळखीच्या गाडीने नवा घाट, तोही दिवसा. मग मोठी गाडी, पण पुन्हा ओळखीच्या रस्त्यावर. नवी गाडी, नवा रस्ता आणि रात्र हे तिन्ही एकाच फेरीत कोणी दिलं तर त्यातलं एक तरी बदलून मागा. ट्रेलरवर जाताना पहिले दोन आठवडे यार्डातच मागा, आणि जोडताना खीळ बसल्याचा आवाज आला तरी उतरून, वाकून, टॉर्च मारून कुलूप खरंच लागलंय ते बघा. मग ट्रेलरचे ब्रेक लावून ठेवून गाडी हळूच पुढे ओढून बघा. ती जागची हलली नाही, तर ट्रेलरचे टेकूचे पाय वर घ्या, हवेच्या आणि दिव्यांच्या जोडण्या तपासा, आणि निघा.